गाडी थंड असू द्या

शांतवन मिस्त्री माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते रागातच.

"बाई, चालवत आणली व्हय गाडी? मग आता काय बघू मी, माझं कपाळ?"

मी भिंगारमध्ये नवीन होते. आमच्या संस्थेच्या शाळेत बदली होऊन आले होते आणि रोज सकाळी सात वाजता पाथर्डी रोड ओलांडून शाळेत जायचे. गाडी पंधरा वर्षांची, पेट्रोलची, माझ्या भावाकडून आलेली. दिवसभर ती शहाण्यासारखी वागायची. पण थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू करून निघालं की पहिली दोन-तीन मिनिटं तिच्यावर विश्वास टाकायची सोय नव्हती. पाय दाबावा आणि तिनं नुसता आवंढा गिळावा, असं व्हायचं. एक, दोन, तीन मोजेपर्यंत काही नाही, आणि मग एकदम झेप. एके सकाळी मी रस्ता ओलांडायला गाडी पुढं घातली आणि ती बरोबर मधोमध गुदमरली. डावीकडून उसाचा ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. ट्रक माझ्या पुढच्या दिव्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि दोन-चार ऊस माझ्या बॉनेटवर पडले. त्या दिवशी पहिल्या तासाला मी मुलांना नुसतं वाचायला लावलं.

त्याआधी मी तीन गॅरेजं पालथी घातली होती. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला. तिसरा म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके आहे, तुमचा क्लचचा अंदाज चुकतो." तिघांनीही गाडी पाहिली ती शाळा सुटल्यावर, भर दुपारी, इंजिन तापलेलं असताना.

शांतवन मिस्त्री त्या वेळी पासष्टीच्या पुढं गेले होते. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक म्हणून तीसेक वर्षं काढून निवृत्त झालेले. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, घरापुढं पत्र्याची शेड, तेच गॅरेज. अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, डोक्याला विटकी खाकी टोपी. शेडच्या खांबावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'गाडी थंड असू द्या.' पावसानं ते पुसलं की मिस्त्री पुन्हा लिहायचे.

"संध्याकाळी आणून ठेवा," ते मला म्हणाले. "सकाळी साडेसहाला या. आणि किल्ली माझ्याकडं नको, तुमच्याकडंच ठेवा. म्हंजे मी हात लावला का, हा सवालच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते बॉनेटवर तळहात टेकून उभे होते. कपाळावर ताप बघतात तसे. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. गाडी दम खाते ती पहिल्या गिअरला की दुसऱ्याला? चढावर जास्त का? काचेवर दव असतं त्या दिवशी जास्त का? एसी चालू असतो का? मी उत्तरं देत होते आणि ते मान हलवत होते. लिहून काही घेत नव्हते. शेवटी त्यांनी तडा गेलेल्या पडद्याचं एक हातातलं यंत्र गाडीला जोडलं आणि मला किल्ली फिरवायला सांगितली, पण गाडी सुरू करू नका म्हणाले.

"आता बाहेर थंडी किती असंल? दहा-अकरा डिग्री. बघू ही काय म्हणती."

यंत्रावर दोन आकडे आले. इंजिनात शिरणारी हवा अकरा डिग्री, इंजिनातलं पाणी चौऱ्याहत्तर. मिस्त्री एवढ्या वेळात पहिल्यांदा हसले.

"रातभर थंडीत कुडकुडली आन म्हणती, मी तापलेली हाय! तो पाण्याचा सेन्सर खोटं सांगतो. मग आतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. थंड्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, बाई. उपाशी माणसाला पळ म्हणल्यावर कसा पळंल?"

अंगठ्याएवढा एक सेन्सर बदलला आणि माझी गाडी पुन्हा कधी अडखळली नाही. मी मात्र त्या शेडमध्ये अधूनमधून जाऊ लागले. त्यांच्या पत्नी मार्थाकाकू चहा फार छान करायच्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे मिस्त्रींचं गिऱ्हाइकांशी चालणारं भांडण ऐकायला मला आवडायचं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. लोकांना घाई असायची. मोठमोठे लोक यायचे, "मिस्त्री, पाच मिनिटं बघा ना" म्हणायचे आणि तसेच परत जायचे. एकदा नगरचे एक सर्जन आले होते. त्यांचीही गाडी सकाळी झटके मारायची. रात्री गाडी ठेवायला ते तयार होईनात. मिस्त्री त्यांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेशंट तुमच्याकडं गोळी खाऊन, ताप उतरवून आला आन म्हणला, माझा ताप बघा, तर तुमी काय बघता?" डॉक्टर गाडी तिथंच ठेवून रिक्षानं घरी गेले. मार्थाकाकू सांगायच्या की घरातही हाच प्रकार. त्यांना खोकला झाला तेव्हा मिस्त्रींनी औषध आणण्याआधी अर्धा तास चौकशी केली होती. खोकला उठल्या उठल्या येतो की चहा प्यायल्यावर? डाव्या कुशीवर की उजव्या? "शेवटी मीच उठून दवाखान्यात गेले," काकू म्हणायच्या, "म्हटलं, आता बॉनेट उघडायला सांगतील."

अंदाजानं पार्ट बदलणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "म्हायीत नसंल तर म्हायीत न्हाई म्हणावं. त्यात काय जीभ झडती?" असं ते म्हणायचे. ते किती गंभीरपणे म्हणायचे, हे मला कळलं तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात.

आमच्या शाळेत मुलं ने-आण करणाऱ्या व्हॅन होत्या. चार व्हॅन दिलीपशेठ नावाच्या गृहस्थांच्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या पेट्रोल व्हॅनवर अर्जुनभाऊ ड्रायव्हर होते. पाथर्डीकडचा माणूस. आईवडील ऊसतोडीला जायचे, ते स्वतःही तरुणपणी कोयता घेऊन श्रीगोंद्याच्या फडात राबलेले. मग लायसन्स काढलं आणि त्या कामातून सुटले. मुलांना ते 'सरकार' म्हणून हाक मारायचे आणि शेवटचं मूल फाटकातून आत गेल्याशिवाय व्हॅन हलवायचे नाहीत.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी त्यांची व्हॅन पाथर्डी रोड ओलांडताना मधेच आडवी थांबली. दिलीपशेठच्या वाड्यातून निघून ती जेमतेम दोनशे पावलं आली होती. आत शेठच्या गल्लीतल्या दोन मुली होत्या. भानुदास नावाचा दूधवाला मोटरसायकलवर भरल्या कॅन लावून येत होता. त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तो कॅनसकट तिच्याखाली गेला. पायाची हाडं दोन ठिकाणी मोडली. मुलींना खरचटलंही नाही. मी दहा मिनिटांनी तिथून गेले तेव्हा रस्त्यावर दूधच दूध होतं आणि लोकांनी अर्जुनभाऊंचा शर्ट फाडलेला होता. ते मार चुकवत नव्हते. नुसते म्हणत होते, "गाडीनं दम खाल्ला हो. म्या पाय दाबला हुता."

पोलिसांनी त्यांना नेलं आणि व्हॅन ठाण्याच्या आवारात आणून उभी केली. दिलीपशेठनी जबाब दिला की ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता. परिवहन खात्याच्या माणसानं दुपारी येऊन व्हॅन चालवून पाहिली आणि ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन सगळं व्यवस्थित असल्याचं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनभाऊंची बायको कांता शाळेत आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, आत येईना.

"बाई, फोन तर घरीच हुता ओ. चार्जिंगला लावलेला. मीच उचलला पोलिसांचा फोन. पन माझं कोन ऐकतंय? लायसन गेलं तर आमाला परत कोयताच धरावा लागंल. माझ्या पोरींच्या हातात न्हाई द्यायचा मला कोयता."

मला माझ्या बॉनेटवर पडलेले ऊस आठवले. शाळा सुटताच मी मिस्त्रींकडे गेले. सगळं सांगितलं. ते पाना हातात घेऊन ऐकत होते. कुठली व्हॅन, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला, फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, पोलिसांच्या भानगडीत पडायचं नसेल.

"उद्या सकाळी ठाण्यात जाऊ," ते म्हणाले. "तुमी चला संगं. मला नीट बोलता येत न्हाई अशा ठिकानी."

फौजदार तरुण होता, कामानं गांजलेला होता. सकाळी व्हॅन थंड असताना चालवून बघा, हे आमचं म्हणणं त्यानं ऐकून घेतलं ते केवळ मी शिक्षिका होते म्हणून. "एक सकाळ देतो," तो म्हणाला. "परवा सातला. मालकालाही बोलावतो. पुन्हा पुन्हा हे चालणार नाही."

त्या सकाळी आम्ही पोचलो तर दिलीपशेठ मफलर गुंडाळून आधीच उभे होते. कांताही होती, भिंतीला टेकून. मिस्त्री सरळ व्हॅनपाशी गेले. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यांनी सीट उचलली, हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला.

"कुनी चालू केली ही?"

एक हवालदार म्हणाला, "मीच. सहाला पाण्याचा टँकर यायचा होता, बाजूला घेतली. का?"

"मग आज काही कळनार न्हाई," मिस्त्री म्हणाले. "गरम हाय."

दिलीपशेठ हसले. "साहेब, मी म्हटलं होतं ना? हे नाटक आहे सगळं."

फौजदाराचा चेहरा लाल झाला. "आजोबा, मी सांगितलं होतं, एकच सकाळ. चालवून दाखवा आत्ता, नाहीतर निघा."

"आत्ता चालवली तर ती नीटच चालनार, साहेब. मग तुमी म्हनाल, मिस्त्रीनं पन बघितली, कायच न्हाई. तेवढं मी न्हाई करनार."

"मग निघा."

कांता भिंतीपाशीच खाली बसली. मी मिस्त्रींचा दंड धरला आणि म्हटलं, चला. ते आले नाहीत. आवारात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसले. मला शाळा होती, मी गेले. दुपारी परत आले तर ते तिथंच. मार्थाकाकू डबा घेऊन आल्या होत्या आणि त्यांना दबक्या आवाजात रागावत होत्या. संध्याकाळीही ते तिथंच होते. "कुनी किल्ली फिरवू नये म्हणून बसलोय," एवढंच म्हणाले. घोंगडी काकूंनी आणून दिली.

पहाट झाली आणि मी पुन्हा गेले. कडाक्याची थंडी पडली होती. मिस्त्री बाकावर घोंगडीत गुरफटून बसलेले, टोपीवर दव साचलेलं, ओठ निळसर झालेले. साडेसहाला फौजदार ड्यूटीवर आला. म्हाताऱ्याकडं पाहून तो जागेवरच थांबला.

"तुम्ही रात्रभर इथं होता?"

"गाडी थंड हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "हात लावून बघा."

फौजदारानं हात लावून पाहिला. मग दिलीपशेठना फोन करून बोलावून घेतलं.

"काढा चालवून," तो मिस्त्रींना म्हणाला.

"मी न्हाई. तुमीच बसा. माझ्या पायाचा भरवसा कुनी धरायचा?"

फौजदार स्टिअरिंगवर बसला. व्हॅन पहिल्या फिरकीत सुरू झाली. आवाजही ठीक वाटला. दिलीपशेठ पुन्हा हसायच्या बेतात होते. फौजदारानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, पाय दाबला. व्हॅन चार हात पुढं आली आणि तिचा श्वासच अडकला. इंजिन घरघरत होतं, पण चाकं जेमतेम सरकत होती. फौजदाराचा गुडघा खाली गेलेला मला उघड्या दारातून दिसत होता. मी मनात मोजले. एक. दोन. तीन. चार. आणि मग व्हॅननं अशी उसळी घेतली की फौजदारानं दोन्ही पायांनी ब्रेक मारला. आवाराची भिंत दीड हातावर राहिली होती.

फौजदार उतरला. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि पुन्हा बसला. पुन्हा तेच झालं.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून सीट उचलली. प्लॅस्टिकच्या बाटलीनं इंजिनाच्या मागच्या एका रबरी नळीवर थोडं पाणी सोडलं. अडखळता आवाज क्षणभर सरळ झाला आणि पाणी आत ओढलं जाताच पुन्हा बिघडला. त्यांनी टॉर्च धरून फौजदाराला दाखवलं. नळीच्या खालच्या अंगाला नखाएवढी भेग होती.

"हितून फुकटची हवा आत जाती. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. म्हनून दम खाती. इंजिन तापलं की रबर फुगतं, भेग मिटती. मग कुनालाच सापडत न्हाई. दहा मिनटं थांबा, तुमच्यासमोरच बरी हुईल."

दहा मिनिटांनी ती खरोखर बरी झाली. फौजदारानं ती आवारात तीन चकरा फिरवली, कुठं अडखळली नाही. तो उतरून दिलीपशेठपुढं उभा राहिला.

"ड्रायव्हर म्हणतो, त्यानं तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. सकाळी गाडी दम खाते म्हणून."

दिलीपशेठचा आवाज चढला. "सांगितलं होतं! मग मी गप्प बसलो का? दिवाळीनंतर गॅरेजला दाखवली होती! गाडी ओके आहे म्हणून सांगितलं मला!"

"कुणी सांगितलं?"

दिलीपशेठ जमिनीकडं बघायला लागले. मग त्यांनी हळूच मिस्त्रींकडं पाहिलं.

"मी," शांतवन मिस्त्री म्हणाले.

ते घोंगडीची घडी घालत होते. घडी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती बाकावर ठेवली आणि टोपी काढली.

"साहेब, लिहून घ्या. दिवाळीनंतर शेठ ही गाडी घेऊन माझ्याकडं आले. दुपारी बारा वाजता. मी म्हनलो, रातभर ठेवा. ते म्हनले, सकाळी पोरं सोडायची असतात, जमनार न्हाई. त्या दिवशी माझ्या नातीचा बाप्तिस्मा हुता, घरात पाव्हणे. मीच घाईत हुतो. गरम गाडी बघितली, चकर मारली आन म्हनलो, काय न्हाई, चालवा. मला 'म्हायीत न्हाई' म्हनायला पायजे हुतं. मी 'काय न्हाई' म्हनलो. त्या दोन शब्दांनी त्या मानसाचा पाय मोडला. अर्जुनाची चूक न्हाई ह्यात."

फौजदार म्हणाला, "आजोबा, हे लिहून घेतलं तर तुमच्या अंगावर येईल. समजतंय ना?"

"रातभर त्याचाच विचार केला की," मिस्त्री म्हणाले. त्यांनी सही केली तेव्हा हात गारठलेला असल्यामुळे पेन दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा ते कांतानं उचलून दिलं.

अर्जुनभाऊ त्याच आठवड्यात सुटले. लायसन्स वाचलं. पुढं कोर्टात मिस्त्री दोनदा उभे राहिले, तेव्हाही त्यांनी एक शब्द बदलला नाही. न्यायाधीशांनी समज देऊन सोडलं. लोकांनी मात्र इतक्या सहजी सोडलं नाही. 'पोलिस केसवाला मिस्त्री' असं त्यांचं नाव पडलं आणि शेडपुढं उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या. मी एकदा चिडून म्हटलं, लोकांना अक्कल नाही. ते म्हणाले, "अक्कल हाय त्यांना. मी चुकलो हुतो की न्हाई?" मार्थाकाकू आत भांडी आपटत होत्या. त्यांना हे सगळं मान्य नव्हतं आणि तसं त्या स्पष्ट सांगायच्या.

भानुदास दीड महिना अंथरुणावर होता आणि नंतरही त्याला कुबडीशिवाय उभं राहता येईना. त्याची गिऱ्हाइकं तुटली असती, कारण दूधवाला चार दिवस आला नाही की लोक पिशवीचं दूध लावतात. त्याच्या घरी म्हशी होत्या, धार काढायला बायको होती, पण घरोघर दूध घालायला कुणी नव्हतं. एका सकाळी मी दार उघडलं तर शांतवन मिस्त्री पातेलं मागत उभे होते. त्यांच्या जुन्या स्कूटरला दोन कॅन लटकवलेल्या.

"भानुदासचं दूध," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "एक लिटर ना तुमचं?"

माझं अर्धा लिटर होतं. त्यांना ते कधीच लक्षात राहिलं नाही. माझं दूध शेजारच्या जोशीकाकूंकडं जायचं, काकूंचं वरच्या मजल्यावर. माप भरताना अर्धं सांडायचं. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगणाऱ्या माणसाला कुठल्या दारात किती दूध, हे चार महिन्यांत जमलं नाही. पण त्यांनी खाडा एकदाही केला नाही. दूध घालायला निघण्याआधी ते साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, असं काकू सांगायच्या. पेट्रोलचा वास दुधाला लागला तर भानुदासला बोल लागेल म्हणून.

मे महिन्यात माझी राजूरला बदली झाली, संस्थेच्याच शाळेत. पुढच्या वर्षी तिथंच मला मिस्त्री गेल्याचा निरोप मिळाला. झोपेत गेले. मला जाता आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भिंगार सोडण्याच्या दिवशी. सामानाचा टेम्पो दारात उभा होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांची स्कूटर आली, आणि या वेळी मागं भानुदास बसलेला होता. एक पाय ताठ, बाजूला काढलेला, काखेत कुबडी. तो त्या दिवशी पहिल्यांदाच फेरीवर आला होता आणि आल्या आल्या त्यानं सगळा कारभार हातात घेतला होता.

"मिस्त्री, माप तिरकं धरू नका. सांडतंय. अहो, बाईंचं अर्धा लिटर, अर्धा! चार महिने काय घातलं तुमी लोकांना?"

"मला काय म्हायीत," मिस्त्री म्हणाले. "तूच उतर आन घाल."

"उतरता आलं असतं तर तुमाला कशाला बसवलं असतं फुडं?"

मिस्त्रींनी मला अर्धा लिटर घातलं, भानुदासकडं बघत बघत, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं. भानुदासनं मान डोलावली. मी सांगितलं की मी आज चालले, उद्यापासून दूध नको. मिस्त्रींनी एवढं ऐकलं आणि कॅनचं झाकण लावता लावता थांबले. मग माझ्या पातेल्यात आणखी एक माप ओतलं.

"आता हे कशाला?" भानुदास ओरडला.

"गप," मिस्त्री म्हणाले. "परवासाला निघाल्यात त्या. चहा करून घेतील."

त्यांनी किक मारली. भानुदासनं एका हातानं कुबडी आणि दुसऱ्या हातानं मिस्त्रींचा खांदा घट्ट धरला. दोघं भांडत भांडत जोशीकाकूंच्या दाराकडं गेले.